पाच वर्षं काम केल्यावरही बी.कॉम.चे मार्क कशाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नोकरी बदलणाऱ्यांसाठी सल्ला आला होता, त्यात लिहिलं होतं की बायोडाटात दहावीपासून सगळे टक्के द्यावेत म्हणजे समोरच्याला उमेदवार नीट कळतो. ते वाचल्यापासून मनात घोळतंय म्हणून लिहायला बसले. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, या लाईनीत सोळा वर्षं झाली, आधी गावभागात एका सीएंच्या ऑफिसात, मग एका पतसंस्थेत आणि आता इथे. गेली चार वर्षं आमच्याकडे अकाउंट्सला माणूस घ्यायचा झाला की बायोडाटे आधी माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे हा विषय मी दोन्ही बाजूंनी बघितलाय, स्वतः टक्के लिहून आणि दुसऱ्यांचे टक्के वाचून.

माझं म्हणणं आधीच सांगते. पोरगा किंवा पोरगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली असेल तर टक्के जरूर लिहावेत, त्यांच्याकडे दाखवायला दुसरं असतं काय. पण बँकेत, पतसंस्थेत, फायनान्स कंपनीत नाहीतर अकाउंट्समध्ये तीन-चार वर्षं काढली असतील तर डिग्री, विद्यापीठ आणि पास झाल्याचं वर्ष एवढं पुरे, टक्के काढून टाकावेत. आणि कुणी विचारलेच तर पॉइंटसकट खरे सांगावेत.

आता असं का म्हणते ते माझ्यावरूनच सांगते. मला बी.कॉम.ला ६८ टक्के पडले, २००९ साली. एम.कॉम. मी बाहेरून केलं, त्याच वर्षी मोठी मुलगी झाली, ती पाच महिन्यांची असताना पेपर दिले आणि ५१ टक्के पडले. पुढे २०१६ ला पुण्यातल्या एका फायनान्स कंपनीत अर्ज केला तेव्हा बायोडाटात बी.कॉम. ६८ टक्के असं ठळक लिहिलं होतं आणि एम.कॉम.पुढे नुसतंच पास. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी बायोडाटा हातात घेतला आणि पहिला प्रश्न, एम.कॉम.चे टक्के का नाही लिहिले. मी सांगितले. मग तुमचं एवढं घसरलं कशामुळे. सात वर्षं काम केलेलं, त्यातली तीन वर्षं पतसंस्थेचं अख्खं कर्जखातं सांभाळलेलं, थकलेलं कर्ज एनपीए (बुडीत जायच्या बेतातलं) कधी धरायचं, त्यापोटी तरतूद किती करायची, वसुलीला कुणाकडे कुठल्या वारी जायचं हे सगळं तोंडपाठ, आणि वीस मिनिटांतली बारा मिनिटं गेली ती एका बाळंतपणाच्या वर्षातल्या मार्कांवर. घरी येताना एसटीत कराडपर्यंत मला नुसतं रडू येत होतं. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, एका परीक्षेचे टक्के लिहिले आणि दुसऱ्या परीक्षेचे सोडले की वाचणाऱ्याचं बोट बरोबर सोडलेल्या ठिकाणीच जातं. लिहायचे तर सगळे, नाहीतर एकही नाही. आज माझ्या टेबलावर बायोडाटे येतात तेव्हा माझंही बोट तिथेच जातं, म्हणून खात्रीने सांगतेय.

दुसरं म्हणजे त्या मार्कांत असतं काय हेही बघायला पाहिजे ना. माझ्या बी.कॉम.च्या वेळी आम्ही व्हॅट शिकलो, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेला. इन्कम टॅक्सचा १९६१ चा कायदा कलमं पाठ करून लिहिला, त्याच्या जागीही १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा. म्हणजे ज्या पेपरांत मला ६८ टक्के पडले त्यातला टॅक्सचा अभ्यास आज जसाच्या तसा लागू नाही, जे उरलं ते डेबिट-क्रेडिट, आणि ते येतं की नाही हे मार्कशीट बघून कळत नाही, एक पान समोर ठेवलं की कळतं.

ते पान मी ठेवते. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला एक बीआरएस, म्हणजे बँकेशी हिशेबाचा मेळ, करायला देते, एका बाजूला बँक बुकाचं पान, दुसऱ्या बाजूला बँकेचं स्टेटमेंट, पंचवीस-तीस नोंदी. न वटलेले चेक, बँकेचे चार्जेस वगैरे सगळं लावून झालं तरी शेवटी १,८०० रुपयांचा फरक राहतो. तो मी मुद्दाम ठेवलाय, स्टेटमेंटला १८,६३० आहेत आणि बुकात १६,८३०. गेल्या वर्षी दोघंजण एकाच दिवशी आले होते. एक मुलगी, ८२ टक्के, बोलायला छान, सगळे कागद फाइलला नीट लावलेले. तिने वरपासून एकेक आकडा टिक करत तपासायला घेतला, चूक नाही त्यात काही, पद्धत बरोबरच आहे, पण वेळ संपला तेव्हा ती निम्म्यावर होती. दुसरा सांगलवाडीचा मुलगा. बायोडाटात टक्के नव्हते, कंपनीच्या फॉर्मात रकाना होता म्हणून तिथे ५१.४२ असं लिहिलं होतं. त्याने फरक काढला, कागदाच्या कोपऱ्यात १,८०० ला ९ ने भागलं, २०० लिहिलं, आणि पेन खाली ठेवून नुसता नजरेने आकडे बघायला लागला. दोन मिनिटं पण झाली नसतील, म्हणाला, मॅडम हे आठ आणि सहा उलटे पडलेत.

साहेब, मला तिथेच माझे वडील आठवले. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सीझनला रात्री रोजमेळ जुळला नाही की घरी यायला अकरा वाजायचे, मी लहान असताना कधी कधी आई डबा देऊन मला पाठवायची आणि मी हळदीच्या पोत्याला टेकून बसायचे, केसांत कपड्यांत सगळीकडे पिवळी धूळ. ते कीर्द बघत बघत मला म्हणायचे, बाळ, फरक पडला की आधी नवाने भाग जातोय का बघायचं, गेला तर कुठेतरी आकडा उलटापालटा लागलाय असं समजायचं. वडील जुनी मॅट्रिक. त्यांना आयुष्यात कुणी मार्क विचारले नाहीत, पण दिवाळी पाडव्याला नव्या वहीची पूजा झाली की शेठजी पहिली नोंद त्यांच्याच हातची घालायचे. हा सांगलवाडीचा मुलगा ती नवाची युक्ती कुठे शिकला म्हणून विचारलं तर म्हणाला, पहिल्या नोकरीत एक म्हातारे कॅशियर होते त्यांनी शिकवली.

मग मी त्याला ५१ टक्क्यांचं विचारलं, आणि ते ऐकून मलाच वाईट वाटलं. तो २०१९-२० च्या टी.वाय.च्या बॅचचा. आपल्या भागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको की ती बॅच काय काय बघून बाहेर पडली. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलवाडीतलं त्याचं घर पाण्यात, पुस्तकं, वह्या, वडिलांचं शिलाई मशीन सगळं गेलं, पुढचे दोन महिने तो सकाळी कॉलेज आणि दुपारी घरातला गाळ काढायला, आणि दिवाळीच्या आगेमागे सेमिस्टरची परीक्षा. त्यातून सावरतोय तर मार्चात लॉकडाऊन. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा होणार की नाही यावर पाच महिने नुसता घोळ, शेवटी २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षा घेतल्याशिवाय डिग्री नाही, मग कुठे त्या परीक्षा झाल्या, त्याही पर्याय निवडायच्या. आता गंमत बघा की ज्यांना या परीक्षेत भरपूर मार्क पडले त्यांना मुलाखतीत विचारतात की हे कोविडचे मार्क का, आणि ज्यांना कमी पडले त्यांना विचारतात की एवढी सोपी परीक्षा असून कमी कसे. म्हणजे मुलाने करायचं तरी काय. या पोरांनी त्यानंतर पाच वर्षं नोकरी केलीय, क्लोजिंगं काढलीत म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करून दिलेत, ऑडिटरपुढे बसलीत, त्यांना परत परत त्या एका वर्षात नेऊन उभं करणं मला बरोबर वाटत नाही.

पण टक्के काढून टाका म्हणतेय त्याचा अर्थ लपवालपवी करा असा नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. ऑनलाइन फॉर्मात रकाना असला आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नसलं तर मार्कशीट समोर ठेवून पॉइंटनंतर दोन आकड्यांपर्यंत भरा. सरकारी बँकांच्या भरतीत तर जाहिरातीतच छापलेलं असतं की ५९.९९ असेल तर ६० पेक्षा कमीच धरणार. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी भरतीला ओपनमधल्याला पदवीला ६० नाहीतर पदव्युत्तरला ५५ टक्के लागतातच, तिथे अनुभव सांगून उपयोग नाही. आणि सीजीपीएचं, म्हणजे टक्क्यांऐवजी दहापैकी मिळणाऱ्या सरासरी ग्रेडचं, तर लोक काहीही करतात, साडेनऊने गुणतात आणि टक्के म्हणून लिहितात. ते साडेनऊ सीबीएसईच्या दहावीचं होतं, आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाच्या डिग्रीला ते लावायचं नसतं, ज्याची डिग्री त्याच विद्यापीठाचा नियम लावायचा. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर सरळ सीजीपीए लिहा, दहापैकी किती एवढं लिहिलं की झालं.

माझ्या मामेभावाने ही चूक केली, त्याच्या परवानगीने लिहितेय. त्याला बी.कॉम.ला ५९.६२ होते. एका खासगी बँकेच्या फॉर्मात त्याने ६० टाकले. मला म्हणाला, ताई, अर्ध्या टक्क्याचा पण फरक नाहीये, कोण बघतंय. मुलाखती झाल्या, ऑफर लेटर आलं, इथली नोकरी सोडली, नोटीस पीरियड भरला, घरी पेढे वाटले. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांनी मार्कशीट मागवली आणि आठ दिवसांत मेल आला की दिलेली माहिती आणि कागदपत्रं जुळत नाहीत म्हणून ऑफर मागे घेतोय. तो फोन करून विनवण्या करत होता की साहेब पॉइंट अडतीसचा तर फरक आहे, तर तिकडून उत्तर आलं की फरक किती हा प्रश्न नाही, आम्ही तुमच्या हातात कॅश देणार आहोत. मला त्या बँकेचा राग आला होता तेव्हा, पण खरं सांगायचं तर आमच्याकडे कुणी असं केलं तर मीही घेणार नाही. आपल्या लाईनीत ५९.६२ ला ६० लिहिणारा माणूस उद्या शिल्लक पण राउंड फिगरात सांगेल ही भीती असतेच. त्याने बायोडाटात टक्के लिहिलेच नसते आणि फॉर्मात ५९.६२ भरले असते तर कदाचित बोलावलंच नसतं, मान्य आहे, पण हातातली नोकरी तरी राहिली असती. सात महिने घरी बसला पोरगा.

मग टक्के काढले तर त्या जागी काय लिहायचं, हे मला येणारे बायोडाटे वाचून सांगावंसं वाटतं. लोक लिहितात, अकाउंटिंगचा सखोल अनुभव, टीममध्ये काम करण्याची आवड. त्यातून मला काही कळत नाही. त्यापेक्षा लिहा की महिन्याला किती खरेदी बिलं तुमच्या हाताखालून जातात, १४ तारखेला जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांची यादी) आला की २० तारखेच्या थ्री-बी (महिन्याच्या जीएसटी रिटर्न) पर्यंत किती सप्लायरांचं जुळवून घेता, महिन्याचं क्लोजिंग कितव्या दिवशी देता आणि तुम्ही यायच्या आधी कितव्या दिवशी व्हायचं. बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचं स्टॉक स्टेटमेंट तुम्ही काढत असाल, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या खात्यातून किती उचलता येईल, हे तुम्हाला काढता येत असेल तर ते लिहा, इकडे एमआयडीसीत त्याला फार किंमत आहे. पतसंस्थेतून फायनान्स कंपनीत जायचं असेल तर किती खाती बघत होता आणि थकलेली किती परत चालू केली ते लिहा. हिशेबाच्या कुठल्या सॉफ्टवेअरवर, टॅलीत काम केलंय की सॅपमध्ये, तेही. हे सगळे आकडे समोरचा दोन प्रश्नांत तपासू शकतो, म्हणून तेही खरेच लिहा. मात्र ग्राहकांची नावं, कंपनीचा नफा, कुणाला किती कर्ज दिलंय असलं चुकूनही नको. मागे एकाने आधीच्या पतसंस्थेतल्या मोठ्या कर्जदारांची नावंच रकमांसकट लिहून आणली होती, वाटलं असेल मोठी कामं केल्याचं दिसेल. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं, आमच्याकडून जाताना हा आमचं पण असंच घेऊन जाईल.

काही ठिकाणी मार्कांना अजून वजन आहे, तेही सांगायला हवं. विद्यापीठात पहिला आलाय, गोल्ड मेडल आहे, सीए ला रँक आहे, तर ते रिटायर होईपर्यंत लिहा, त्यात लाजायचं काय. सीए पहिल्या अटेम्प्टला झालेला असला तर लोक ते लिहितात आणि घेणारे बघतातही. मुंबईत इक्विटी रिसर्च, इन्व्हेस्टमेंट बँकिंग वगैरे करणाऱ्यांना पहिली काही वर्षं कॉलेज आणि मार्क दोन्ही विचारतात, तिकडे जायचं असेल आणि मार्क चांगले असतील तर ठेवा. बँकवाल्यांच्या जेएआयआयबी, सीएआयआयबी परीक्षांचं झालं असेल तर झालं एवढंच पुरे, मार्क कुणी विचारत नाही. म्युच्युअल फंडाची एनआयएसएमची व्ही-ए परीक्षा दिली असेल तर मार्कांपेक्षा तारीख बघा, ते सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं, आणि कितीतरी बायोडाटात मुदत संपलेलं लिहिलेलं असतं.

ओळखीचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, विश्रामबागेत आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, त्यांचं मत माझ्या अगदी उलटं. ते म्हणतात मार्क म्हणजे शिस्त, तीन वर्षं जो नीट अभ्यास करतो तो खातीपण नीट सांभाळतो, दोनशे अर्ज आले तर कुठेतरी चाळणी लावावीच लागते. त्यांचं चाळणीचं म्हणणं मला कळतं, दोनशे अर्ज मीही चाळलेत, डोळे दुखतात. पण चाळणी अनुभवाची लावा ना, जीएसटी स्वतः भरलंय का, ऑडिट फायनल करून दिलंय का, एवढे दोन प्रश्न फॉर्मात टाकले तरी दोनशेचे चाळीस होतात. आणि शिस्तीचं म्हणाल तर दुकानात पार्ट टाइम काम करून, सकाळी पेपर टाकून, रात्री द्राक्षाच्या बागेवर राखणीला जाऊन बी.कॉम. केलेली पोरं आपल्या तासगाव, मिरज, पलूसकडून येतात, त्यांचे ५२ टक्के आणि नुसतं कॉलेज केलेल्याचे ७० टक्के एका तराजूत कसे घालणार. जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका सांगितलं त्या सातारा-सांगलीच्या भागात तरी कमावत शिकलेल्याला कमी टक्क्यांवरून दारातूनच परत पाठवू नये असं मला फार मनापासून वाटतं.

माझी कंपन्यांना, बँकांना, पतसंस्थांना हात जोडून विनंती आहे की तीन वर्षांच्या वर अनुभव मागत असाल तर जाहिरातीतली दहावी-बारावी-पदवी सगळीकडे ६० टक्के ही ओळ काढा. ती ओळ बऱ्याचदा कुणी विचार करून टाकलेलीसुद्धा नसते, जुन्या जाहिरातीवरून उतरवलेली असते. आमच्या कंपनीतही ती होती. मी साहेबांकडे जाऊन विचारलं की ही कुणी घातली, तर कुणालाच माहीत नाही. साहेब म्हणाले ट्रेनीसाठी राहू दे, अनुभवी लोकांसाठी काढून टाक. या महिन्यात जी जाहिरात जातेय त्यात ती ओळ नाहीये. सांगलवाडीचा तो मुलगा आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि मुलाखतीचं पुढचं पान मी त्यालाच तयार करायला सांगितलंय, जुनं आता बाहेर फुटलं असेल.

पुरवणीत पुन्हा हा विषय घेतला तर अनुभवी लोकांसाठी वेगळं चार ओळींत छापा एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली